रुग्णशय्येवरचा तिसरा पक्ष

गिरणीत संप होतो तेव्हा माग थांबतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरातील चुली थंड केल्या. त्याची झळ कामगारांना, मालकांना आणि अवघ्या गिरणगावाला बसली. रुग्णालयातील संपाची जातकुळी मात्र निराळी आहे. तेथे वाद दोघांचा असतो. एका बाजूस शासन किंवा व्यवस्थापन, दुसऱ्या बाजूस डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, आशाताई. पण या वादाचे वळ ज्याच्या अंगावर उठतात तो खाटेवरचा रुग्ण या दोहोंपैकी कोणीच नसतो. संपाची नोटीस त्याने दिलेली नसते, मागण्यांच्या निवेदनावर त्याची सही नसते आणि वाटाघाटींसाठी त्याला कोणी मुंबईला बोलावीत नाही. या तिसऱ्या पक्षाच्या बाजूला उभे राहून महाराष्ट्रातील आरोग्यसेवेच्या संपांचा इतिहास पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आम्ही मुद्दाम धाराशिव जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे.

धाराशिवच का? मुंबईत किंवा वसईत एका रुग्णालयाचे दार बंद झाले तर दुसरे ठोठावता येते. २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याची स्थिती तशी नाही. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी हे त्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ५७ हजार भरली आणि त्यातील शंभरांत त्र्याऐंशी माणसे खेड्यापाड्यांत राहणारी निघाली. पाऊस बेभरवशाचा, शेती बहुतांशी कोरडवाहू. २०१८ साली नीती आयोगाने देशातील मागास राहिलेले जिल्हे निवडून त्यांना ‘आकांक्षित’ असे गोड नाव दिले, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार व वाशीम यांच्या पंक्तीला हा जिल्हा बसला.

अशा मुलखात शासकीय आरोग्यसेवा ही एक उभी शिडी असते. हजार वस्तीमागे एक आशाताई, पाच हजारांमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय आणि जिल्ह्याच्या गावी ‘सिव्हिल’. त्याहून अवघड दुखणे असले की सोलापूर, लातूर किंवा अंबाजोगाई. खुद्द धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२२ साली. खिशात पैसा असलेला माणूस सोलापूरच्या खासगी इस्पितळाची वाट धरतो. शेतमजुराला मात्र या शिडीवाचून गत्यंतर नसते. शिडीची एक पायरी निसटली की तो तेथेच थांबतो.

आता इतिहासाकडे वळू. रुग्णालयातील नोकर हा कायद्याच्या दृष्टीने ‘कामगार’ आहे काय, हा प्रश्न मुळात आपल्या मुंबईतूनच उभा राहिला. जे. जे. समूह रुग्णालयांतील दोन वॉर्ड-नोकरांना नुकसानभरपाई न देता कामावरून कमी करण्यात आले. त्यांच्या वतीने हॉस्पिटल मजदूर सभा न्यायालयात गेली आणि २९ जानेवारी १९६० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने रुग्णालय हाही ‘उद्योग’च होय. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. पुढे १९७० साली त्याच न्यायालयाने सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात हे मत फिरवले आणि २१ फेब्रुवारी १९७८ रोजी बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते पुन्हा प्रस्थापित केले. या वेळी निकालाचा मुख्य भाग न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा होता. धर्मादाय रुग्णालये आणि शिक्षणसंस्थाही या व्याख्येच्या बाहेर राहिल्या नाहीत. रुग्णालयांना वगळणारी दुरुस्ती संसदेने १९८२ साली संमत केली, पण तो भाग अंमलात आणलाच गेला नाही.

सेवेच्या क्षेत्रात ‘उद्योग’ हा शब्द आपल्यापैकी अनेकांना खटकेल. धर्मभगिनींनी दिवा लावून रात्र-रात्र जागवलेल्या वॉर्डाला कारखाना म्हणायचे काय? पण न्यायालयासमोरचा प्रश्न अगदी साधा होता. सेवा पवित्र आहे, म्हणून ती करणाऱ्या वॉर्डबॉयला भरपाई न देता घरी पाठवता येते काय? याचे उत्तर ‘नाही’ असे आले, आणि ते योग्यच होते, असे आम्हांस वाटते.

हा निकाल लागत होता, त्याच्या अवघे काही दिवस आधी महाराष्ट्र एका अभूतपूर्व संपातून बाहेर पडला होता. १४ डिसेंबर १९७७ रोजी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी संप पुकारला आणि तो तब्बल ५४ दिवस चालला. केंद्रीय कर्मचाऱ्यांइतका महागाई भत्ता मिळावा, ही मुख्य मागणी होती. र. ग. कर्णिक हे नेते आणि वसंतदादा पाटील मुख्यमंत्री. त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. लातूर, उदगीर, औसा, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्यातच होते आणि लातूर वेगळा जिल्हा झाला तो ऑगस्ट १९८२ मध्ये. योगायोग असा की, त्याच डिसेंबर १९७७ मध्ये मराठवाड्यासाठी औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली. एकीकडे ख्रिस्तसभा या भागात नवे घर मांडीत होती आणि दुसरीकडे सरकारी कचेऱ्यांत शुकशुकाट होता. सरकारी नोकर म्हणजे केवळ कचेरीतला कारकून नव्हे, दवाखान्यातील परिचारिका, औषधनिर्माता, परिचर हेही सरकारी नोकरच, ही जाणीव जनतेला अशा संपांनी करून दिली. पगारपत्रकावर एका रांगेत असलेली ही माणसे कामाच्या स्वरूपाने मात्र एकमेकांपासून फार दूर आहेत. दाखल्याचा कागद आठवडाभर थांबू शकतो, बाळंतपणाच्या कळा थांबत नाहीत.

पुढचे वर्ष १९९३. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. उमरगा तालुक्याच्या त्या पट्ट्यातील सास्तूर गावाचे नाव तेव्हा साऱ्या देशाने ऐकले. जखमींचा लोंढा सरकारी रुग्णालयांकडे वळला, थेट सोलापूरच्या सिव्हिलपर्यंत. त्या दिवसांत कोणी कामाचे तास मोजले नाहीत. संपाच्या इतिहासात भूकंप कशासाठी, असे कोणी विचारील. तो एवढ्यासाठी की, संप करणारा कर्मचारी आणि संकटात धावून येणारा कर्मचारी हे दोन वेगळे वर्ग नाहीत. ज्या व्यवस्थेने भूकंपात आणि पुढे २०२० च्या कोरोनाच्या साथीत प्राण पणाला लावले, तिच्यातीलच माणसे कधी काम बंद करून रस्त्यावर उतरतात. असे का घडते, हे समजून घेतल्याशिवाय त्यांना ‘निर्दय’ म्हणणे अन्यायाचे होईल.

१ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर शासनसेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन मिळणार नाही, असा निर्णय झाला. एकाच वॉर्डात, एकच काम करणाऱ्या दोन परिचारिकांपैकी एकीच्या म्हातारपणाची हमी उरली, दुसरीची गेली. हे शल्य साचत राहिले आणि १४ मार्च २०२३ रोजी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत राज्यभरातील सतरा लाखांच्या आसपास कर्मचारी संपावर गेले. विधिमंडळाने त्याच दिवशी अत्यावश्यक सेवांसंबंधीचा ‘मेस्मा’ कायदा संमत केला. शासकीय नोकरांना संपाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तामिळनाडूच्या प्रकरणात म्हटलेच होते. तरीही संप झाला आणि सात दिवस चालला. कायद्याने संप बेकायदा ठरतो, पण असंतोष काही कायद्याने नाहीसा होत नाही.

त्या सात दिवसांत रुग्णालयांत काय घडले? मुंबईच्या जे. जे. मध्ये, नागपूरच्या मेडिकलमध्ये तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि वॉर्ड चालवण्यासाठी नर्सिंगच्या विद्यार्थिनींची मदत घ्यावी लागली. येथे रुग्णालयाची अंतर्गत रचना ध्यानी घेतली पाहिजे. रुग्णालय म्हणजे डॉक्टर, अशी आपली समजूत असते. पण एका साध्या शस्त्रक्रियेसाठी केसपेपर काढणारा लिपिक, रक्त तपासणारा तंत्रज्ञ, हत्यारे निर्जंतुक करणारा परिचर, स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय, शस्त्रक्रियागृहातील सिस्टर आणि फरशी पुसणारी मावशी, एवढे सगळे लागतात. यांतील एक कडी तुटली तरी डॉक्टर हात धुऊन नुसता उभा राहतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन दिवस तर सर्वस्वी परिचारिकेचे असतात. नाडी मंदावली, टाके ओले झाले, लघवी उतरली नाही, हे प्रथम तिच्याच ध्यानी येते.

‘पुढे ढकललेली शस्त्रक्रिया’ हे शब्द वर्तमानपत्रात निरुपद्रवी वाटतात. पण मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून, सोबतीला नातेवाईक घेऊन परंड्याहून किंवा भूमहून आलेल्या माणसाला ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगितले जाते, तेव्हा तो पुढच्या आठवड्यात येईलच, याची खात्री कोणी द्यावी? शहरातील रुग्णाची तारीख पुढे जाते, खेड्यातील रुग्णाचा उपचारच सुटतो.

संप २० मार्चला मिटला. समिती नेमण्यात आली आणि पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, शासनाने सुधारित निवृत्तिवेतन योजना मान्य केली. संपानंतर वर्षभरात जे देता आले, ते संपाआधी देता आले नसते काय? हा प्रश्न तिसऱ्या पक्षाने विचारावयाचा आहे, कारण त्या सात दिवसांची किंमत त्याने मोजली.

डॉक्टरांच्या संपाचे मूळ बहुधा वेगळे असते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका डॉक्टरला जबर मारहाण झाली, तेव्हा राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. उच्च न्यायालयाला मध्यस्थी करावी लागली आणि रुग्णालयांत सुरक्षारक्षक नेमण्याचे आश्वासन शासनाने दिले. वास्तविक डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१० सालचाच आहे. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या एका तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली आणि महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांनीही काम थांबवले. १७ ऑगस्टला भारतीय वैद्यक संघटनेने चोवीस तास देशभर सेवा बंद ठेवली. तातडीचे विभाग चालू राहिले, बाह्यरुग्ण विभाग ओस पडले. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले आणि कामावर परतण्याचे आवाहन केले, तेव्हा हे आंदोलन ओसरले.

अशा वेळी धाराशिवच्या रुग्णाचे काय होते, हे सहज दिसत नाही. त्याच्या तालुक्याच्या दवाखान्यात संपाचा फलकही नसतो. पण तेथून त्याला ज्या मोठ्या रुग्णालयात पाठवावयाचे, त्याचा सारा भार निवासी डॉक्टरांवर असतो. रात्री दोन वाजता येणारा अपघातग्रस्त आधी त्यांच्याच हाती पडतो. वरची पायरी निसटली की खालच्या पायऱ्यांवर गर्दी साचते.

आणि सर्वांत खालची पायरी? १२ जानेवारी २०२४ पासून राज्यातील आशा सेविका संपावर होत्या. सत्तर हजारांच्या आसपास स्त्रिया, मानधनावर काम करणाऱ्या, सरकारच्या लेखी ‘स्वयंसेविका’. मुंबईच्या आझाद मैदानात त्या आठवडेच्या आठवडे बसून राहिल्या. मार्चमध्ये दरमहा पाच हजारांची वाढ मान्य झाली आणि तसा शासन निर्णय १४ मार्चला निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली ज्यांचा गौरव केला, त्यांना दोन वर्षांच्या आत मैदानात बसावे लागले. या संपात कोणताही वॉर्ड बंद पडला नाही, कोणतीही शस्त्रक्रिया चुकली नाही. चुकली ती बाळाच्या लसीची आठवण, पोटुशीच्या हिमोग्लोबिनची चौकशी, क्षयाची गोळी घेतली की नाही हे पाहणारी दारावरची हाक. अशा संपाचे परिणाम कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत उतरत नाहीत.

संपामुळे माणसे दगावतात काय? या प्रश्नावर जगात बराच अभ्यास झाला आहे आणि त्याची उत्तरे सरळ नाहीत. १९७६ ते २००३ या काळात निरनिराळ्या देशांत झालेल्या डॉक्टरांच्या पाच संपांचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात मृत्यूंचे प्रमाण वाढले नाही, उलट काही ठिकाणी घटले, असे त्यात आढळले. नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या, त्यांतील धोकाही तेवढ्यापुरता थांबला आणि तातडीची सेवा चालू राहिली, हे त्याचे मुख्य कारण. याउलट न्यू यॉर्क राज्यात १९८४ ते २००४ दरम्यान झालेल्या परिचारिकांच्या संपांचा अभ्यास सांगतो की, संपाच्या दिवसांत दाखल झालेल्या रुग्णांमधील मृत्यू सुमारे १८ ते १९ टक्क्यांनी वाढले. केनियात २०१६-१७ मध्ये आधी डॉक्टरांचा शंभर दिवसांचा आणि मग परिचारिकांचा पाच महिन्यांचा संप झाला. सरकारी दवाखाने बंद पडले. ज्यांना परवडले ते खासगी व मिशनच्या रुग्णालयांकडे धावले, बाकीचे घरीच राहिले.

या साऱ्यातून आम्ही एवढेच समजतो: संप कोणाचा यापेक्षा, संपकाळात काय चालू ठेवले आणि रुग्णाला दुसरे दार होते की नाही, यावर सारे अवलंबून असते. पहिली गोष्ट संपकऱ्यांच्या हाती आहे, दुसरी शासनाच्या आणि समाजाच्या.

या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण आश्चर्य वाटावे इतकी स्पष्ट आहे. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात संपाची कारणे सांगितली: कामाचे फार लांब तास, फार कष्टाचे काम आणि अपुरी मजुरी. संप फुटल्यावर तो दडपण्यापेक्षा त्याची कारणे वेळीच दूर करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे त्यांनी बजावले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सरचेन्स’मध्ये संप हे न्याय्य साधन मानले, पण ते अखेरचे. त्याचा दुरुपयोग होऊ नये आणि समाजाच्या जीवनाला अत्यावश्यक असलेल्या सेवा कोणत्याही परिस्थितीत चालू राहाव्यात, ही अटही त्यांनी घातली. त्याच पोपमहोदयांनी ११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्णदिन म्हणून नेमून दिला. कामगाराचा हक्क आणि रुग्णाचा हक्क यांना त्यांनी परस्परांचे वैरी मानले नाही.

ही शिकवण आपण शासनाला ऐकवतो, तेव्हा ती आपल्या अंगणातही लागू होते, हे विसरून चालणार नाही. २०११-१२ मध्ये केरळात खासगी रुग्णालयांतील परिचारिका रस्त्यावर आल्या. त्यांत ख्रिस्ती संस्थांच्या रुग्णालयांतील परिचारिकाही होत्या. अल्प वेतन, अडकवून ठेवलेली प्रमाणपत्रे, बारा-बारा तासांच्या पाळ्या, या त्यांच्या तक्रारी होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्याच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने लहानातल्या लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा वीस हजारांहून कमी वेतन असू नये, अशी शिफारस केली. आपल्या धर्मग्रामांतील किती तरी मुली परिचारिका आहेत. त्यांना ‘ही सेवा आहे, नोकरी नव्हे’ असे सांगून कमी वेतन देणे म्हणजे त्यांच्या भक्तीवर कर बसवणेच होय. अमेरिकेतील कॅथलिक बिशप, कॅथलिक रुग्णालये आणि कामगार संघटना यांनी २००९ साली एकत्र बसून, वाद उद्भवण्याआधीच परस्परांशी कसे वागावे याची मार्गदर्शिका तयार केली. आपल्याकडेही हे अशक्य नाही.

मग तिसऱ्या पक्षाने मागावे तरी काय? रिक्त जागा वेळेवर भराव्यात. करार दहा-दहा वर्षे लांबवू नयेत. गाऱ्हाणे ऐकणारी, ठरलेल्या मुदतीत उत्तर देणारी यंत्रणा असावी. आणि संप अटळच झाला तर प्रसूती, अपघात, अतिदक्षता, रक्तपेढी व लसीकरण यांना हात लागू नये, असा लेखी करार शांततेच्या काळातच व्हावा. संपाच्या सात दिवसांची गैरसोय आपल्याला दिसते. परिचारिकेची जागा वर्षानुवर्षे रिकामी असते तेव्हा रुग्णाला तेच दुःख रोज थोडे थोडे सोसावे लागते, पण त्याची बातमी होत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस घातला, हे आपण लक्षात ठेवतो. पण पुढे काय झाले? दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती दोन दिनार ठेवले, याची काळजी घे म्हणाला आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तो भरून देईन, असा शब्दही दिला. शुश्रूषा करणाऱ्याला त्याचे मोल आगाऊ मिळाले, म्हणून जखमी माणसाच्या उशाशी कोणी तरी बसून राहिले. येरीहोच्या वाटेवर ती सेवा खंडित झाली नाही. धाराशिवच्या वाटेवरही ती होऊ नये, यासाठी ते दोन दिनार वेळेवर देण्याची व्यवस्था आपण केली पाहिजे.